जाऊन राहिली

मनोहरराव : नेक्स्ट! बाई, तुम्ही अमेरिकेले काहून चालल्या?

प्रेमिला : तुमाले माहीत नाही का काहून? तुमचीच पोरगी हाय नं ती.

मनोहरराव : अवं, मी आत्ता तुया नवरा नाही. ह्या स्टुलावर बसलो म्हंजे व्हिसा ऑफिसर आहो. बोल.

प्रेमिला : बरं. सायेब, मी माह्या पोरीकडं जाऊन राहिली. मयुरा तिचं नाव. तिचा सातवा महिना सरत आला.

काजल : थांबा काकू. काय म्हणालात?

प्रेमिला : सातवा महिना.

काजल : त्याच्या आधी.

प्रेमिला : पोरीकडं जाऊन राहिली.

काजल : इथेच घोटाळा आहे. परवा मुंबईला खिडकीत साहेबाच्या बाजूला दुभाषी असेल. तो आमच्या पुण्याकडचा निघाला, तर त्याला ऐकू येईल, 'मी मुलीकडे गेले आणि तिथेच राहिले.'

प्रेमिला : तिथं कशी राहीन? मी तर इथं बसून राहिली!

काजल : हेही तेच, काकू.

मनोहरराव : बाप रे! सायबाले तर तेच पाहायचं असते, का बाई वापस येते का तिथंच बस्तान मांडते. अन् हे खिडकीतच सांगून राहिली का 'मी राहिली'!

काजल : काका, तुम्हीसुद्धा.

मनोहरराव : मी काय बोलून राहिलो?

काजल : मी मोजलं. आपण बसल्यापासून तुम्ही दोघांनी मिळून एकोणीस वेळा.

प्रेमिला : बाई, मंग आमी बोलावं कसं?

काजल : मी लग्न होऊन इथे सक्करदऱ्याला, तुमच्या शेजारी आले, तेव्हा दुसऱ्याच दिवशी सासूबाई ओरडल्या, 'काजल, नळ जाऊन राहिले!' मी विचारलं, 'कोणाकडे?' मी पाणी भरलंच नाही, घरात दिवसभर पाणी नव्हतं. म्हणून सांगते, साहेबासमोर 'जात आहे' म्हणा.

प्रेमिला : जात हाय.

काजल : जात आहे.

प्रेमिला : जात आहे. जात आहे. जात आहून राहिली.

मनोहरराव : रिजेक्ट! नेक्स्ट!

काजल : काका, असं घाबरवू नका त्यांना.

मनोहरराव : मी नाही घाबरवत, नियम घाबरवतात. आपल्या व्हिसावाल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळीच आलं. फोटोत दोन्ही कान दिसले पायजे, पण कानातलं दिसलं नाही पायजे. परवाच्या नियमात फक्त चष्मा होता.

प्रेमिला : पाच वेळा फोटो काढला माया. फोटोवाला म्हनते, 'काकू, आता तुमचा चेहरा मले पाठ झाला.'

मनोहरराव : मौद्याच्या तहसीलीत बत्तीस वर्षं नियम वाचले मी. नियमाच्या मांगं पडावं लागते, काजल. रोज पडावं लागते.

प्रेमिला : पडले नं! अमेरिकेचे नियम पाहता पाहता ह्यायचा सोताचा पासपोर्ट संपून गेला. म्हनून तर मी एकटी चालली.

मनोहरराव : तो वेगळा विषय हाय. बाई, तुम्ही तिथं जाऊन काय कराल?

प्रेमिला : मयुराले शेक देईन. बाळाले तेल लावून आंघोळ घालीन. दुपट्यांच्या घड्या घालीन. अन् डिंकाचे लाडू...

मनोहरराव : रिजेक्ट! हे काम झालं. फिरायच्या व्हिसावर काम नाही करता येत. ग्रुपवर एका बाईचा पूर्ण किस्सा हाय.

प्रेमिला : सोताच्या नातवाले तेल लावनं हे काम हाय? मंग इतक्या वर्षांत मले पगार काहून नाही भेटला?

मनोहरराव : ते मले नको विचारू, सायबाले विचार. तू म्हन, 'मी नायगारा धबधबा पाहाले चालली.'

प्रेमिला : पोरगी तिथं कळा देईल अन् मी पानी पडताना पाहू?

काजल : काकू, धबधबा नको आणि तेलही नको. जे खरं आहे तेच, पण थोडक्यात. 'मुलीला भेटायला जात आहे. तीन महिन्यांनी परत येणार आहे.' पूर्णविराम.

प्रेमिला : पूर्णविराम. बरं, अन् नाही जमलं तर? दुसरी तारीख कवाची भेटंल?

काजल : काल बघितली मी. नोव्हेंबरची आहे.

प्रेमिला : मयुराची ऑगस्टची हाय.

काजल : माहीत आहे, काकू.

प्रेमिला : जावयाचे मायबाप नाही, बाई. तिथं तिच्याजवळ कोनी नाही. रोज फोन करते अन् हसत हसत विचारते, 'आई, झालं का गं?' घाबरली म्हंजे अशी हसते ते. लहानपणी इंजेक्शनच्या वेळी अशीच हसे. ऐका जी, मी बरोबर बोलीन. पुन्हा घ्या माया इंटरव्ह्यू.

मनोहरराव : नेक्स्ट.

(दोन दिवसांनी. मुंबई. मोठ्या फाटकासमोरचा फुटपाथ.)

मनोहरराव : हॅलो, काजल? हे आली बाहेर. फोन स्पीकरवर टाकतो. काय झालं वं?

प्रेमिला : पानी द्या आधी.

मनोहरराव : घे. आता बोल. पासपोर्ट दाखव.

प्रेमिला : नाही हाय. ठेवून घेतला त्यायनं.

मनोहरराव : ठेवून घेतला? म्हंजे जप्त! काजल, पासपोर्ट जप्त झाला! माया संपला अन् इचा जप्त!

काजल : काका, एक मिनिट...

मनोहरराव : काजल, तू थांब. काय बोलली तू तिथं?

प्रेमिला : काजलनं शिकवलं तेच. 'मुलीला भेटायला जात आहे. तीन महिन्यांनी परत येणार आहे. पूर्णविराम.'

काजल : काकू, पूर्णविराम म्हणालात?

प्रेमिला : तूच तर सांगितलं होतं. खिडकीतली दुभाषी पोरगी खाली मान घालून हसली.

मनोहरराव : मंग?

प्रेमिला : मंग सायबानं विचारलं का मुलगी तिकडं काय करते. हे तर आपन घोकलंच नव्हतं! मी म्हटलं, माही वाट पाहून राहिली.

मनोहरराव : राहिली म्हटलं! झालं! संपलं!

काजल : काका, ऐका आता. व्हिसा नाकारला की पासपोर्ट तिथल्या तिथे परत देतात. ठेवून घेतला म्हणजे व्हिसा मिळाला. आत चिकटवून पाठवतील.

मनोहरराव : हा नियम ग्रुपवर कसा नाही आला?

काजल : तो बदलला नाही ना.

प्रेमिला : काजल, म्हंजे मी जाऊन राहिली?

काजल : हो काकू. तुम्ही जाऊन राहिलात.

मनोहरराव : थांब, ठेव फोन. मयुराले लावतो.

प्रेमिला : नका लावू आत्ता. रात्र असंल तिकडं. झोपू द्या तिले, झोपाले आता दोनच महिने हायत.