काय हवं ते वर लिहायचं

फिजिओथेरपीच्या दवाखान्यात माझा नंबर लांब होता. शेजारी खांदा आखडलेले एक वयस्कर गृहस्थ आणि मांडीवर लॅपटॉप उघडून बसलेली त्यांची मुलगी.

"इथेही ऑफिस?"

"प्रोग्रॅम बंद पडलाय, बाबा. डेटाबेस दुसऱ्या मशीनवर नेला, आणि हा शहाणा अजून जुन्याच पत्त्यावर जाऊन दार ठोठावतोय."

"मग नवा पत्ता दे त्याला."

"म्हणजे पुढच्या वेळी पुन्हा तेच. त्याने स्वतः शोधत फिरायचंच नाही. प्रोग्रॅममध्ये सगळ्यात वर एका ओळीत लिहायचं, मला डेटाबेस हवाय. कुठला, कुठून आणायचा, ते त्याला चालवणारा सर्व्हर बघतो आणि काम सुरू व्हायच्या आधी हातात आणून देतो."

"आणि नाही लिहिलं तर?"

"तर बसा रिकाम्या हाताने. सर्व्हरला काय स्वप्न पडणार आहे?"

"हं."

"झालं. चालू झाला बघा."

"ऐक गं. मला शर्टाची बटणं लावता येत नाहीत."

"कधीपासून?"

"खांदा धरल्यापासून."

"म्हणून बुद्धिबळाला जाणं सोडलंत? मला वाटलं, कंटाळलात."

"बटणं उघडी टाकून जाऊ का चारचौघांत?"

"अहो, मग बोलायचं ना. उद्यापासून मी लावीन. मला उशीर झाला तर ह्यांना सांगते, नाहीतर शेजारच्या काकांना..."

"कोण लावणार ते तुझं तू बघ. मी फक्त हवंय म्हणून सांगितलं. आणि डाव पाचला सुरू होतो, त्याच्या आधी."