गोळी झाडणारं फूल

...आणि वर मलाच विचारतात, फुलाला कुणी घाबरतं का? तुम्हाला सांगते, घाबरतं. फूल गोळी झाडत असेल तर नक्की घाबरतं. मी तर दाराची घंटा वाजली तरी दचकते. आत्याचं ऑर्किड हे, कॅटासेटम, कुठल्या तरी गरम दमट जंगलातलं. तिनं पोटच्या पोरासारखं वाढवलं, यंदा पहिल्यांदा फुललं, प्रदर्शनात मांडायचं म्हणून नुसता जीव टाकत होती, आणि नेमका तिचा गुडघा धरला. झाड माझ्या गळ्यात. सगळं सांगितलं हो... मातीत लावायचं नाही, सालीच्या तुकड्यांत लावायचं. पानं गळली की पाणी बंद, नवी मुळं बोटभर होईस्तोवर थेंबही नाही. मग मात्र भरपूर पाणी, भरपूर उजेड. पण आतल्या मिशीला धक्का लागला की फूल परागांची चिकट गोळी फाडकन मारतं, हे आधी सांगायचं नाही का?

मी ब्रशनं धूळ झटकायला गेले. फाट्. गोळी डोळ्याखाली. मी दुसऱ्या हातातली झारी भिरकावली, ती बाबांच्या कपाळावर. बाबा धडपडले ते कुंडीवरच, दुसऱ्या फुलाची गोळी त्यांच्या कानात. 'मेलो, मेलो' करत त्यांनी पेपरची सुरळी फिरवली, ती दादाच्या नाकावर. आणि दादा, 'फुलाला कसले घाबरता' म्हणत बोट घालून मोकळा... तिसरी त्याच्या दातांवर. त्यानं चप्पल काढली. फुलाला मारायला, चप्पल. मी त्याच्या मनगटाला कडकडून चावले, दुसरं काय करणार?

आत्याला फोन केला.

'झाडली गोळी? मग ते फूल गळालंच समज.'

म्हटलं, आत्या, हे आधी सांगायचं नाही का?

'अगं, तू दचकशील म्हणून नाही सांगितलं.'

चार फुलांतलं उरलं एक. कुंडी मांडीवर, श्वास रोखून, प्रदर्शनात पोचले, ती टेबलावर मांडली आणि शेजारीच खुर्ची टाकून राखणीला बसले. परीक्षक बाई आल्या, चष्मा सावरत, 'अय्या, वास किती छान...' नाक फुलापासून इतकंसं. मी त्यांना दोन्ही हातांनी ढकललं. बाई थेट शेजारच्या निवडुंगांत. काटे काढायला दोन माणसं लागली, आणि बाई कण्हत म्हणतात, 'वास घ्यायचा नाही, हे आधी सांगायचं नाही का?'

पण फूल वाचलं. आयोजकांनी लगेच पाटी आणली, 'सावधान, जवळ जाऊ नये.' मला इतकं बरं वाटलं... तर त्यांनी ती माझ्या खुर्चीला बांधली. मीही बसून राहिले. खोटं काय होतं त्यात?