हडळीचं कुंकू

आमच्या अक्काच्या हॅलोवीन कार्डाची गंमत ऐका. साठ सालच्या आसपास आम्ही बेंगळुरात होतो. शेजारची अँग्लो-इंडियन डॉली, अक्काची जिवाभावाची मैत्रीण, कायमची ऑस्ट्रेलियाला निघाली होती. तिच्या घरी हा भुतांचा सण असायचा, म्हणून अक्काने खोडरबर कोरून हडळीचा शिक्का केला आणि कार्डावर उमटवला. शाई वाळेपर्यंत आईने हडळीला कुंकू लावलं!

"आई, हडळ आहे ती!" अक्का रडकुंडीला आली.

"असेना. बाईमाणूस आहे, भुंडं कपाळ बरं दिसत नाही."

डॉलीचा टांगा दाराशी उभा होता. अक्काने मान खाली घालून तेच कार्ड दिलं. डॉली पोट धरून हसली. मग डोळे पुसत आईपुढे वाकली आणि आमच्याकडे शिकलेल्या मराठीत 'थोडं'ऐवजी कानडी शब्द घालून म्हणाली, "आंटी, मलापण स्वल्प लावा."