सदूकाकांचा जुना गिअर

आमच्या सदूकाकांनी जुन्या गाडीचा स्टिअरिंगवरचा गिअर बंद करून खाली चार गिअरचा नवा बसवला, कळलं का? जुना दांडा मात्र "शोभा जाते" म्हणून वरच राहू दिला. मी शेजारी बसलेलो. मार्केट यार्डाजवळ सिग्नल सुटला, काकांनी सवयीने जुनाच दांडा ओढला आणि तो उपटून हातात आला! गाडी जागची हलेना. मागे हॉर्नचा नुसता कल्ला.

"जरा थांबा म्हणून सांगून येतो," म्हणत काका दांड्यासकट खाली उतरले. सगळे हॉर्न एकदम बंद. मागचा रिक्षावाला हात जोडून म्हणाला, "काका, होऊ द्या सावकाश!"

मी म्हटलं, "काका, दांडा परत पक्का बसवून घेऊ."

"कशाला? आत्ता कुठे कामाला यायला लागलाय!"