कडी मी लावली

मी, वरच्या रकान्यात नाव लिहिलेला इसम, वय २५ वर्षे, शिक्षण आठवीपर्यंत, धंदा ट्रकचालक, राहणार ट्रकतळाच्या मागच्या खोल्या, जिन्याजवळची खोली, समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगतो की,

मी वरील पत्त्यावर वहिनी व सहा वर्षांची पुतणी यांच्यासह राहतो. आईवडील हयात नाहीत. थोरला भाऊ, ज्याला मी या जबाबात दादा म्हणणार आहे, हाही आता हयात नाही. तळावरचे ड्रायव्हर मला मास्तर म्हणतात, कारण ट्रकच्या मागे रंगवलेली अक्षरे चुकलेली दिसली तर मी खडूने दुरुस्त करतो. या जबाबातही काना-मात्रा चुकू नये म्हणून मी लिहून घेणाऱ्या हवालदारसाहेबांच्या शेजारी बसण्याची परवानगी मागितली व त्यांनी ती दिली.

आमच्या धंद्यात गाडी चालवायला डॉक्टरचा दाखला लागतो की माणूस प्रकृतीने लायक आहे. तो दर वर्षी नवा करावा लागतो. आमच्या ट्रान्सपोर्टने त्यासाठी एक डॉक्टर ठरवून दिलेले आहेत. त्यांचा दवाखाना वजनकाट्याच्या बाजूला, टायरच्या दुकानाला लागून आहे. तपासायला जातो असे आमच्यात कोणी म्हणत नाही. शिक्का घ्यायला जातो असेच म्हणतात. डॉक्टरांनाही सगळे शिक्केडॉक्टर म्हणतात. आमच्यातला एक जुना ड्रायव्हर नेहमी म्हणायचा, "नुसती चप्पल पाठवली तरी चालतं. चप्पल फिट आहे म्हणून लिहून देतील." यावर सगळे हसायचे. दादा सर्वांत जास्त हसायचा.

मागच्या तपासणीला दादा आणि मी एकाच रांगेत होतो. दादा माझ्या पुढे होता. दार उघडेच होते. डॉक्टरांच्या गळ्यात छाती तपासायची नळी होती. दादा स्टुलावर बसला आणि स्वतःहून म्हणाला, "डॉक्टरसाहेब, हल्ली ताडपत्री बांधताना दम लागतो. उभं राहिलं की एकदम डोळ्यांपुढे अंधारी येते."

डॉक्टर मान वर न करता म्हणाले, "गाडी बसून चालवतोस की उभं राहून?"

"बसून."

"मग झालं तर. उभा राहू नकोस."

रांगेतले सगळे हसले. दादा हसला. मीही हसलो. डॉक्टरांनी शिक्का मारला व "पुढचा" असे म्हटले. पुढचा मी होतो. मला स्टुलावर बसायलाही लागले नाही.

त्यानंतर दोन महिन्यांनी दादा सिमेंटची गाडी घेऊन निघाला होता. माझी गाडी त्याच्या मागे होती. दिवसाढवळ्या, सरळ रस्त्यावर, त्याने बाजूचा दिवा लावला, गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला. मला वाटले टायर बघायला उतरेल. तो उतरला नाही म्हणून मी उतरलो. दार उघडले तेव्हा इंजिन चालू होते. बाकी काय पाहिले ते तेव्हाच्या पंचनाम्यात आहे. इथे पुन्हा सांगत नाही.

शवविच्छेदनात हृदय वाढलेले व त्याची भिंत जाड झालेली असे लिहून आले. ट्रान्सपोर्टचे मॅनेजर घरी आले व वहिनीच्या समोर म्हणाले, "दाखल्यावर तर फिट आहे. आदल्या रात्री घेतली असेल थोडी." दादा कधीच पीत नव्हता. वहिनीने त्यांच्यासमोर ठेवलेला चहाचा कप उचलला आणि मोरीत ओतला. मॅनेजर गेले. पण तळावर ते वाक्य राहिले. आजही नवीन आलेला क्लीनर मला विचारतो, "तुझाच भाऊ ना तो, पिऊन गेला तो?"

मी डॉक्टरांकडे गेलो. हा प्रसंग कालचा नाही, त्या वेळचा आहे. मी विचारले, "दादाने तुम्हाला सांगितलं होतं. तुम्ही नळी का नाही लावली?" डॉक्टर म्हणाले, "असल्या गोष्टी नळीने कळत नसतात रे. ज्याचं त्याचं नशीब." आणि त्यांनी कंपाउंडरला पुढचा पेशंट पाठवायला सांगितले.

मी याच पोलीस ठाण्यात दोन वेळा तक्रार द्यायला आलो. दोन्ही वेळा तक्रार घेतली गेली नाही. मला सांगण्यात आले की, "तपासलं नाही याला पुरावा काय? आणि तपासलं असतं तर कळलं असतं, याला पुरावा काय?" हे लिहून घेणाऱ्या साहेबांना आठवत असेल. ते म्हणतात की एवढे वाक्य जबाबात नको. माझा आग्रह आहे की राहू द्यावे. राहू दिले आहे.

काल माझा दाखला नवा करण्याचा दिवस होता. मी रांगेत मुद्दाम शेवटी थांबलो. माझ्या आधीचा ड्रायव्हर बाहेर पडला, कंपाउंडर टायरच्या दुकानात गप्पा मारायला गेला. मी आत गेलो व दाराला आतून कडी लावली. डॉक्टरांचा फोन टेबलावर होता, तो उचलून औषधांच्या कपाटावर ठेवला. कपाट उंच आहे, माझा हात पोचतो, त्यांचा पोचत नाही. या दोन्ही गोष्टी मी केल्या. डॉक्टरांनी तक्रारीत लिहिले आहे की मी त्यांच्या अंगावर धावून गेलो. ते खोटे आहे. मी स्टुलावर बसलो होतो.

डॉक्टरांनी शिक्का उचलला. मी फॉर्मवर हात ठेवला.

"हात काढ. हातावर बसेल."

"बसू दे. आधी तपासा."

"काय तपासू? घोड्यासारखा तर आहेस."

"घोड्याला तपासतात तसं तपासा. या फॉर्मवर जे जे छापलंय ते सगळं. मी वाचत जातो, तुम्ही करत जा."

ते म्हणाले, "तुला पैसे हवेत का?" मी फॉर्मवरची पहिली ओळ वाचली. ते म्हणाले, "बाहेर माणसं आहेत, ओरडेन." मी म्हणालो, "ओरडा. माणसं येतील, मी कडी काढेन, आणि सगळ्यांसमोर म्हणेन की डॉक्टरांना तपासायला सांगितलं म्हणून ते ओरडले." ते ओरडले नाहीत.

त्यानंतर तपासणी झाली. डोळ्यांचा तक्ता कॅलेंडरच्या मागे होता, तो बाहेर काढून झटकावा लागला. रंग ओळखायच्या पुस्तकाची पाने एकमेकांना चिकटलेली होती. वजनाच्या काट्यावर जुन्या फायली ठेवल्या होत्या, त्या मी उतरवल्या व तपासणी झाल्यावर होत्या तशाच लावून ठेवल्या. रक्तदाबाच्या यंत्राची नळी फाटकी निघाली, पण खणात दुसरे चांगले यंत्र होते. सुरुवातीला डॉक्टरांनी यंत्राचा पट्टा दोनदा उलटा गुंडाळला. मी खोटे सांगत नाही, मला ते बघायला बरे वाटत होते. पण थोड्या वेळाने चुका थांबल्या. ते माझ्या मागे उभे राहून कुजबुजत शब्द बोलले व मला म्हणायला लावले. पोट दाबून पाहिले, गुडघ्यावर हातोडी मारली, नखे पाहिली. मी पुढचे वाचायच्या आत ते करू लागले. त्यांना सगळे येत होते. दादा गेल्यापासून मला वाटत होते की त्यांना येत नसेल. त्यांना सगळे येत होते, हे मला काल कळले, आणि त्यानंतर मला त्यांची जी थोडी दया येत होती तीही राहिली नाही.

मग त्यांनी छातीला नळी लावली. बराच वेळ लावून ठेवली. जागा बदलली. मला म्हणाले, "उकिडवा बस." मी बसलो. त्यांनी ऐकले. "आता उभा राहा." मी उभा राहिलो. त्यांनी पुन्हा ऐकले. असे दोन-तीनदा करून घेतले. त्यांचा आवाज बदलला होता. कडी लावलेली आहे हे ते विसरले असावेत.

"चक्कर येते का तुला?"

"कधीकधी. उपाशी असलो की."

"उपाशी नाही. घरात कुणी असं अचानक गेलंय का? तरुणपणी?"

मी म्हणालो, "का विचारताय?"

ते म्हणाले, "हे रक्तातून येतं म्हणून विचारतोय. हृदयाची भिंत जाड होते. बसल्यावर आवाज कमी होतो, उभं राहिल्यावर वाढतो. तुझा तर इतका स्पष्ट आहे की शिकाऊ पोरालाही कळेल. वडील, भाऊ, कुणाला तरी असणारच. त्यांनाही दाखवून घे."

मी म्हणालो, "भावाला दाखवलं होतं. तुम्हालाच. याच स्टुलावर. उभं राहिलं की अंधारी येते म्हणाला होता. तुम्ही म्हणालात, उभा राहू नकोस."

डॉक्टरांनी माझ्याकडे नीट पाहिले. मी कोणाचा भाऊ आहे हे त्यांना तेव्हा समजले. त्यांनी कानांतून नळी काढली, घडी घातली, खणात ठेवली व खण लावला. मग खुर्चीत बसले. मी म्हणालो, "असल्या गोष्टी नळीने कळत नसतात, असं तुम्ही म्हणाला होतात."

ते हळू आवाजात म्हणाले, "हे बघ. झालं ते झालं. मी हे लिहिलं तर तुला आयुष्यात गाडी चालवता येणार नाही. घरी बाई आहे, पोर आहे. खाणार काय? मी फिट लिहून देतो. गोळ्याही सांगतो, बाहेरून घे. तूही बोलू नकोस, मीही बोलत नाही."

मी दादाकडून गाडी शिकलो. मला दुसरे काम येत नाही. अक्षर चांगले आहे, पण आठवीवर अक्षराला कोणी विचारत नाही. हे सगळे माझ्या डोक्यात आले नाही असे नाही. मी म्हणालो, "ऐकलंत ते लिहा."

"वेडा आहेस का?"

"बसून कमी, उभं राहून वाढतो. शिकाऊ पोरालाही कळेल. सगळं लिहा."

शेवटचे वाक्य त्यांनी लिहिले नाही. बाकीचे लिहिले, नालायक असा शेरा दिला, सही केली आणि शिक्का मी मागितल्यावर मारला. तो कागद मी या जबाबासोबत जोडला आहे. मला परत नको.

मी फोन कपाटावरून काढून त्यांच्या हातात दिला व कडी काढली. बाहेर कंपाउंडर व तीन-चार ड्रायव्हर उभे होते. कंपाउंडर म्हणाला, "पळ इथून, साहेब पोलिसांना बोलावतील." मी म्हणालो, "त्यांना बोलवायला उशीर होत असेल तर तू बोलाव." मी दवाखान्याच्या पायरीवर बसून राहिलो. डॉक्टर तेव्हा रागात होते. त्यांनी पोलिसांना बोलावले व डांबून ठेवल्याची तक्रार दिली. पोलीस आले तेव्हाही मी पायरीवरच होतो.

आज सकाळी वहिनी मला भेटायला ठाण्यात आली. हे रक्तातून येते असा निरोप मी पायरीवरून एका ड्रायव्हरकडे दिला होता, म्हणून तिने पुतणीला काल संध्याकाळीच मोठ्या इस्पितळात नेले होते. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पुतणीला मांडीवर घेऊन नळी लावली. सध्या आवाज नाही, दर वर्षी आणत जा, असे सांगितले. वहिनी म्हणाली, "भावजी, पाच मिनिटं पण नाही लागली हो." मग डोळे पुसून म्हणाली, "तुम्ही नुसती कडी लावलीत. मी असते तर कुलूप लावून किल्ली गिळली असती." माझे गाडी चालवणे सुटले, त्याबद्दल ती काही बोलली नाही. मीही तो विषय काढला नाही.

त्यानंतर डॉक्टर स्वतः ठाण्यात आले. त्यांना रात्रीत कोणीतरी समजावले असावे. ते म्हणाले, "मुलगा दुःखात आहे. मी मोठ्या मनाने तक्रार मागे घेतो." हवालदारसाहेब मला म्हणाले, "सुटतोयस. हात जोड आणि घरी जा."

माझे म्हणणे असे की, तक्रार मागे घेण्यास माझी संमती नाही. संमती लागत नाही असे मला सांगितले गेले. तसे असेल तर मी इथे लिहून देतो की कडी मी लावली, फोन मी काढून घेतला, डॉक्टरांना त्यांच्या मनाविरुद्ध मी बसवून ठेवले. गुन्हा मला कबूल आहे. त्याचा मला पश्चात्ताप नाही व पुढेही होणार नाही. माझ्यावर खटला व्हावा. मी दोनदा तक्रार घेऊन आलो तेव्हा माझे कोणी लिहून घेतले नाही. आरोपी झालो तेव्हा लिहून घ्यावे लागले. खटला झाला तर डॉक्टरांना साक्षीला यावे लागेल, आणि कडी लागल्यानंतर आत काय काय झाले ते त्यांना विचारले जाईल. मला जी शिक्षा होईल ती मी भोगीन. फक्त ते सांगत असताना मला समोर बसवावे. वहिनीलाही बसू द्यावे. ट्रान्सपोर्टच्या मॅनेजरांनाही बोलवावे.

माझ्यावर कोणी जबरदस्ती केलेली नाही. मारहाण झालेली नाही. पाणी मिळाले.

वरचा जबाब मी सांगितला तसाच उतरवला गेला आहे व तो मला पूर्ण वाचून दाखवला. डॉक्टर बाहेरच्या बाकावर बसलेले होते, म्हणून वाचताना दार उघडे ठेवावे व मोठ्याने वाचावे अशी मी विनंती केली. हवालदारसाहेबांनी एकदा माझ्याकडे पाहिले, मग उठून स्वतः दार उघडले व तसे वाचले. जबाब बरोबर आहे. सही करतो.