ईमेलनं आलेलं बोलावणं

पिपलानीहून बस सुटली तेव्हा मृणालच्या पुढच्या सीटवर एक वयस्कर जोडपं बसलं होतं. नवऱ्याच्या मांडीवर चादरीत गुंडाळलेला कॉम्प्युटर होता आणि बायको खिडकीबाहेर बघत बोलत होती.

“दुकानवाला म्हणाला, त्या फाईलमधूनच व्हायरस आला. सासूबाईंचे सगळे फोटो गेले.”

“हरामखोर आहेत लेकाचे. भावाच्या नावानं निमंत्रण पाठवतात. माणूस उघडणारच.”

“माणूस आधी विचार करतो. आपल्यात सख्ख्या भावाला वास्तुशांतीचं बोलावणं ईमेलनं येतं? जोडीनं घरी येतात, कुंकू लावतात, हातात अक्षता देतात.”

“पाच वर्षांत तोंड दाखवलं नाही जितेंद्रनं. म्हटलं, लाजेपायी ईमेल केला असेल.”

“त्यात तारीख नाही, वेळ नाही. नुसतं ‘सोबतची फाईल ताबडतोब उघडा’. थोरल्या भावाला जितेंद्रभाऊजी असं हुकूम सोडल्यासारखं लिहितील?”

“ईमेल त्याच्याच पत्त्यावरून आला होता.”

“त्यांचा ईमेल कुणीतरी हॅक केला होता. नागपूरच्या वन्सं सांगत होत्या, कळल्याबरोबर भाऊजींनी घरोघरी फोन केले, माझ्या नावानं आलेली फाईल उघडू नका म्हणून. सगळ्यांना केले, फक्त तुम्हाला सोडून. भांडण असलं म्हणून काय झालं? याचाच मला संताप येतो.”

मृणालचा स्टॉप आला, पण ती उठली नाही.

“केला होता.”

“काय?”

“फोन. दोनतीनदा वाजला. मीच उचलला नाही. म्हटलं, बोलवायचं तर घरी येऊन बोलव.”