बारा नंबर, पण कुणातला?

“तिला काय इचारायलास? बोलत न्हाई म्हंजे येत न्हाई!” हे मामंजी, किशनराव, माझ्या नवऱ्याला सांगत होते, आणि मी ऑफिसच्या दाराआड चहा घेऊन उभी! लग्नाला चार महिने, नांदेडहून एम.सी.ए. करून आलेली, म्हटलं जाऊ दे... त्याचं वाईट नाही वाटलं, तुम्हाला सांगते. किळस आली ती पुढच्या सगळ्याची!

म्हणजे कसंय, मामंजींचा लातुरात क्लास. मेडिकल सीईटीचा. सहाशे पोरं आणि वर पत्रे, कारण त्र्याण्णवच्या भूकंपापासून मामंजींचा स्लॅबवर भरवसा नाही. प्रवेशाचं सॉफ्टवेअर घरचंच, श्रीनाथनं, म्हणजे ह्यांनी, लिहिलेलं. फॉर्मवर एक चौकट, पालक. आता पालक म्हणजे कोण? कुणाचे वडील, कुणाचा मामा, कुणाची मावशी. ह्यांनी हुशारी केली, पालकाचा इंटरफेस केला. इंटरफेस म्हणजे नुसती अट हो! जो सही करील, पत्र घेईल, मीटिंगला येईल तो पालक. पालक नावाचं खरं माणूस कुणी नसतंच. छान! पण साठवायचं कुठं? वडिलांचं टेबल, म्हणजे नोंदींचा तक्ता, वेगळं, मामांचं वेगळं, मावश्यांचं वेगळं, आणि प्रत्येकात नंबर एकपासून सुरू! आणि विद्यार्थ्याच्या नावापुढं लिहिलं काय? नुसतं ‘पालक: बारा’. अहो, बारा नंबर, पण कुणातला? मशीन आपलं वडिलांपासून शोधायला लागतं. तिथं बारा सापडला की खूश, पुढं बघतच नाही!

आता उर्वी नावाची पोरगी. भूकंपात आई-वडील दोघंही गेले तेव्हा ती वर्षाची. जळकोटच्या मावशीनं, सरजाबाईनं, वाढवली. सरजाबाई मावश्यांत बाराव्या. आणि वडिलांत बारावे कोण? उदगीरचे मलप्पा! त्यांचा धाकटा मुलगा आमच्याच क्लासला. झालं! तीन महिने मीटिंगची पत्रं, ‘आपली कन्या उर्वी हिच्या प्रगतीबाबत’... उदगीरला!

त्या दिवशी मी चहाचे कप ठेवतेय तोवर मलप्पांची बायको कमलम्मा पत्रं घेऊन थेट ऑफिसात. “ही उर्वी कोण म्हणून सांगा की! बावीस वर्सं झाली लगीन होऊन, आता कळालं व्हय मला?” मागं मलप्पा, हातातली टोपी पिळत, “सायेब, देवाशपथ... मला दोन पोरंच हायेत... चार दिस झाले, जेवाया वाढंना ही!” यावर आमचे मामंजी काय म्हणाले असतील? “आमचं रेकॉर्ड खोटं बोलत न्हाई!” शी! त्या माणसाच्या बायकोसमोर!

आणि पालक तीन मीटिंगांना गैरहजर, म्हणून उर्वीचं नाव बॅचमधून काढायचा कागद त्याच टेबलावर, सहीसाठी उघडा. सीईटी सात आठवड्यांवर. पोरगी वही छातीशी धरून, “सर, मावशीला पत्रच आलं न्हाई...” “आमच्याकडून गेलंय!” गेलंय की, उदगीरला गेलंय! बारा नंबर, पण कुणातला, हे कुणी विचारील तर शपथ.

मग ह्यांनी इलाज काढला. काय केलं? सरजाबाईला उचललं आणि वडिलांच्या टेबलात बसवलं! कागद छापून आला, ‘श्री. सरजाबाई, वडील’. मामंजी म्हणतात, “चालतंय की, पालक म्हंजे पालक.” पोरीनं ते वाचलं... सोळा वर्षं त्या शब्दापुढची जागा तिनं मोकळी ठेवली होती हो, आणि आमच्या घरच्यांनी तीन सेकंदांत भरून टाकली! हे पुटपुटले, मग सगळ्यांचं एकच टेबल करू का... तर मामंजी, “टेबल कशाला? पालकांना खुर्च्या लागतात!” आणि हसले. त्या पोरीसमोर हसले!

मामंजींनी नाव काढायच्या कागदावर सही करायला पेनाचं टोपण काढलं आणि माझं तोंड उघडलं. माझंच मला नवल! “नंबराशेजारी एक रकाना वाढवा,” मी म्हटलं. “नंबर बारा, शेजारी ‘मावशी’. आधी ते वाचायचं, कुठल्या टेबलात जायचं ते कळतं, मग नंबर शोधायचा.”

ह्यांनी माझ्याकडं बघितलं, मग स्क्रीनकडं, सरजाबाईला परत मावश्यांत बसवलं आणि रकाना वाढवला. सरजाबाई, मावशी, जळकोट. पहिल्या झटक्यात! कमलम्मानं नवा छापलेला कागद वाचला, नवऱ्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, “चला, भाकरी टाकते,” म्हणाली. मामंजींनी उर्वीचं नाव काढायचा तो कागद फाडला. माफीबिफी काही नाही, नुसतं “जा वर्गात.” ती पळाली.

मग माझ्याकडं वळून वर तक्रार, “येवढं येत होतं तर आधी का बोलली न्हाईस?”

मी कप गोळा करत म्हटलं, “तुमचं शोधणं वडिलांपासून सुरू होतं, मामंजी. सुनेच्या टेबलापर्यंत येतंय कोण?”